अलिबाग-मुरुडची वारसा सहल : तुमचे प्रश्न

सुट्टीचे बेत ठरू लागले की पुणेकरांचे तेच तेच प्रश्न येतात. अलिबाग-रेवदंडा-मुरुड या छोट्या गटाच्या सहलीविषयी आलेल्यांपैकी काही घेतो.

प्रश्न : ताम्हिणीतून जावे की पेणमार्गे? (कोथरूड)
उत्तर : पहिला मुक्काम अलिबागला असेल तर पेण, मुरुडला असेल तर ताम्हिणी.

प्रश्न : 'छोटा गट' म्हणजे किती माणसे? (सहकारनगर)
उत्तर : आयोजकाच्या गाडीत मावतील तितकी! आकडा लेखी मागा. बारा-पंधराच्या वर माणसे गेली की रेवदंड्याच्या पडक्या पोर्तुगीज चर्चमध्ये मागच्यांना फक्त वारा ऐकू येतो. होडीचे भाडे आणि गाईडची फी दरात धरली आहे का, तेही पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

प्रश्न : जुलैत जंजिरा पाहता येईल का? (चिंचवड)
उत्तर : नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

प्रश्न : पौर्णिमेच्या रविवारी आमच्या कार्यक्रमात अलिबागसमोरच्या समुद्रातल्या किल्ल्यासाठी 'सकाळी १० ते १२, कुलाबा किल्ला, चालत' असे आहे. भाचा म्हणतो, पाणी घोट्याएवढेच असते. (बिबवेवाडी)
उत्तर : भाचा ओहोटीला गेला असेल. हा कार्यक्रम पंचांग न बघता, बहुधा जेवणाच्या वेळेवरून आखला आहे. किनाऱ्यावरचा जुना हिशेब साधा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही चालत निघणार ऐन भरतीत, तीही उधाणाच्या! ओहोटी साधारण सहा तासांनी. पंचमीला हाच हिशेब पावणेचार येतो, मग सकाळची ओहोटी दहाच्या सुमारास. तेव्हा तुमचा कार्यक्रम जमेल. अष्टमीची ओहोटी भर दुपारी खरी, पण ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीचे; पाणी पुरते हटत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. 'घोडागाडी आहे की' हे उत्तरही ऐकून घेऊ नका. पाणी चढले की घोडाही थांबतो. आणि सगळे जाण्याचीच वेळ विचारतात. परतीची विचारा. पाणी फिरायच्या आत तुम्ही वाळूवर हवे; आतला गणपती, गोड्या पाण्याची विहीर, सगळे त्या हिशेबात बसवा. माझा हिशेब अंदाजाचा आहे. त्या दिवसाची नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा. आयोजकाला ती सांगता येत नसेल तर तारीख बदलून मागा.

प्रश्न : जंजिऱ्यापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे म्हणे. गाईड दाखवतील? (हडपसर)
उत्तर : गोष्ट सांगतील. तटावरची कलालबांगडी तोफ मात्र खरीखुरी आहे, ती बघा. तिथूनच पद्मदुर्गही दिसतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला मराठ्यांनी तो का बांधला, हे विचारलेत तर गाईडचीही परीक्षा होईल.

प्रश्न : आईचे गुडघ्याचे ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झाले. जंजिऱ्याला नेऊ का? आयोजक म्हणतात, 'काही होत नाही, आम्ही धरतो.' (औंध)
उत्तर : दरवाजाशी होडी लाटेसरशी वरखाली होते आणि ती वर आली की ओल्या पायरीवर पाय टाकायचा असतो. सगळा भार एका पायावर येतो. हे असेच्या असे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सांगा आणि ते काय म्हणतात ते आयोजकाला कळवा. आगाऊ रक्कम त्यानंतर.