बूट काढू नका

ताई,
मी ठाण्यात मानपाड्याला अकराव्या मजल्यावर राहतो, वय ३८. दोन आठवड्यांपूर्वी पहाटे भूकंपाचा धक्का बसला. बातमीत '३.७, सौम्य, नुकसान नाही' एवढंच आलं, खाली वॉचमनला तर कळलंही नाही. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच भूकंप अनुभवला. पलंग हलला, कपाटाची दारं खडखडली आणि मी पळालो. दार उघडून, जिन्याने, अनवाणी. आठव्या मजल्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, बायको आणि मुलगी वरच आहेत. परत गेलो तर बायको मुलीला कवटाळून टेबलाखाली बसली होती. तेव्हा ती काही बोलली नाही. आता मात्र येईल त्या पाहुण्याला हा किस्सा हसत हसत सांगते. परवा साडूंसमोर सांगितला, मला मान वर करता येईना. मी भित्रा आहे का? ऑफिसात माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत. बायकोला हे बंद करायला कसं सांगू? सासूबाईंनी फोनवर किल्लारीच्या आठवणी काढल्या, त्याने घरात आणखी वातावरण झालं. मुलगी सात वर्षांची आहे, तिचं ठीक आहे. फक्त त्या दिवसापासून शाळेचे बूट घालून झोपते. हिने रात्री काढून ठेवले तर उठून पुन्हा घालते, नाडीसकट. जाईल हळूहळू.
— एक वाचक, ठाणे

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. वर मी ते आखडून दिलंय. त्यात साडू आहेत, ऑफिस आहे, कोण किती हसलं याचा हिशेब आहे. मुलीबद्दल तीन-चार ओळी आहेत आणि त्यांची सुरुवात 'तिचं ठीक आहे' अशी आहे.

तिचं ठीक नाही. मी आज फक्त तिच्याबद्दल लिहिणार आहे.

सात वर्षांची मुलगी रात्री उठते, अंधारात बूट शोधते, पायात घालते, नाडी बांधते आणि मग झोपते. नाडी बांधायला त्या वयात किती वेळ लागतो, आठवून बघा. हे ती कशासाठी करत असेल, असा प्रश्न तुम्हाला चार पानांत एकदाही पडला नाही, याचा मला राग आला. पत्र दोनदा बाजूला ठेवून पुन्हा घेतलं.

आता माझा अंदाज सांगते. चुकला तर चुकला. शाळा सकाळची असणार. खाली स्कूल बस हॉर्न वाजवत असते. मुलगी एका पायात मोजा घालून बसलेली असते आणि दाराशी उभे राहून तुम्ही म्हणता, "बूट घाल पटकन, नाहीतर मी निघालो." घरोघरी म्हणतात. मीही माझ्या मुलांना म्हटलंय. मुलांना माहीत असतं की बाबा जात नाहीत, नुसते म्हणतात. तुमच्या मुलीलाही माहीत होतं. त्या पहाटे तुम्ही खरंच निघालात, आणि तिच्या पायात बूट नव्हते.

त्यामुळे ती आता तयार राहते. पुढच्या वेळी तिच्यामुळे उशीर व्हायला नको, म्हणजे बाबा सोडून जाणार नाहीत. तुमच्यावर ती रागावलेली नाही हो. तिने चूक स्वतःच्या अंगावर घेतली आहे आणि रोज रात्री ती एकटी ती दुरुस्त करतेय.

मी साताऱ्याची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तुमच्या मुलीएवढीच होते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं, आमच्याकडे भिंतींना तडे गेले. पुढे कितीतरी रात्री आम्ही सगळे अंगणात झोपलो, डिसेंबरच्या थंडीत, घोंगड्या पांघरून. आई माझ्या फ्रॉकचा बंद आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची. रात्री जाग आली की मी आधी ती गाठ चाचपायची. ती लागली की झोप लागायची. तुमच्या मुलीने तशी गाठ स्वतःच्याच बुटाच्या नाडीला मारून घेतली आहे, कारण दुसऱ्या कोणी मारून दिली नाही.

तेव्हा आज रात्री हे करायचं. ती झोपण्याआधी तिच्याजवळ जमिनीवर बसा, तिच्या उंचीला या, आणि सांगा: "त्या दिवशी मी घाबरलो आणि तुला सोडून पळालो. चूक माझी होती. तुझ्या पायात बूट नव्हते म्हणून मी गेलो, असं नाही." एवढंच बोलायचं. झोपेत होतो, कळलं नाही, तीन मजल्यांवरून परत आलो, यातलं काही सांगायचं नाही. माफ केलंस ना, असंही विचारायचं नाही. ती काही बोलणार नाही कदाचित. कूस बदलेल. बसून राहा.

आणि बूट काढू नका. बायकोलाही सांगा, काढू नकोस. एक तर त्यात पोरीचं काही चुकलेलं नाही. भूकंपानंतर घरात काचा पडलेल्या असतात, अंधारात अनवाणी चालून पाय कापतात, म्हणून पलंगाशी बूट आणि बॅटरी ठेवावी असंच जाणकार सांगतात. त्या पहाटे अनवाणी तुम्ही होतात. उद्या एक कापडी पिशवी आणा, तिच्या पलंगाच्या पायाला बांधा. पिशवीत तिचे बूट आणि त्यांच्याशेजारी तुमचे. ती घालूनच झोपली तर झोपू द्या. तुमचे मात्र तिथेच राहिले पाहिजेत, तिला दिसतील असे.

पुन्हा भूकंप आला तर काय करायचं, हे तिला विचारू द्या. 'आता काही येत नाही' असं सांगू नका. तुम्हाला ते माहीत नाही आणि मुलांना खोटं कळतं. ठाणे-मुंबईचा पट्टा वर्षानुवर्षं भूकंपाच्या मध्यम धोक्याचा, तिसऱ्या विभागातला मानला गेला आहे. इथून फार लांब नसलेल्या डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून असे कितीतरी धक्के बसले, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. तिथेच फेब्रुवारी २०१९ मध्ये दोन वर्षांची एक मुलगी गेली. घर तिच्या अंगावर पडलं नव्हतं. धक्क्याच्या भीतीने बाहेर पळताना ती पडली. हे मुलीला सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा. जमीन हलत असताना अकराव्या मजल्यावरून जिना उतरणं हेच सगळ्यात धोक्याचं. तुमच्या पत्नीने टेबलाखाली बसून अगदी बरोबर केलं.

तेच आता तिघांनी मिळून करायचं, रविवारी, उजेडात. टेबलाखाली शिरायचं, एका हाताने टेबलाचा पाय धरायचा, दुसऱ्याने डोकं झाकायचं, वीसपर्यंत मोजायचं. ती दुसऱ्या खोलीत असेल तर तिने तिथेच तिच्या अभ्यासाच्या टेबलाखाली जायचं. तुम्हीही हलत्या जमिनीवर तिच्याकडे धावायचं नाही, म्हणून 'मी लगेच येईन' असं वचन देऊ नका. असं द्या: "हलणं थांबलं की मी पहिल्यांदा तुझ्याकडे येईन. मग आपण बूट घालू, गॅस बंद करू, आणि लिफ्ट सोडून जिन्याने एकत्र उतरू." आणि खरंच करून दाखवा. ती टेबलाखाली, तुम्ही स्वयंपाकघरात, वीस झाले की तिच्याकडे. पाच वेळा, दहा वेळा, ती म्हणेल तितक्या वेळा. ते खडखडलेलं कपाट तिच्या खोलीत असेल तर सुताराला बोलावून पट्टीने भिंतीला घट्ट करून घ्या, आणि ते करताना तिला समोर उभी करा.

आजीचं किल्लारीचं बोलणं तिने ऐकलंय, हे धरून चाला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड छपरं. आजी ते विसरू शकत नाही आणि तिने विसरावं असं मीही म्हणणार नाही. पण मुलीच्या डोक्यात ते आणि हे एकच झालं असेल, तर तांदूळ घेऊन बसा. भूकंपाच्या मापात एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, तुमचा ३.७ चा. तिच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा ठेवा आणि शेजारी वाटीभर तांदूळ, काही हजार दाणे. हा दाणा आपला, ती वाटी किल्लारीची. वॉचमनकाकांना का कळलं नाही तेही सांगा. बारीक धक्का वरच्या मजल्यांवर, पडून असलेल्या माणसाला जास्त जाणवतो, खाली चालत्याफिरत्याला जाणवतही नाही. म्हणजे तिला भास झाला नव्हता. तुम्हालाही नाही.

तुम्ही भित्रे आहात का? झोपेतून दचकून उठलेला माणूस पळतो, मला त्यात विशेष काही वाटत नाही. वाईट वाटलं ते पुढच्या दोन आठवड्यांचं. पत्नीच्या हसण्याबद्दल आज काही लिहीत नाही. मुलीशी बोलण्याआधी तो विषय घरात काढू नका.

आणि सोमवारी सकाळी बसने खाली कितीही हॉर्न वाजवू दे, दाराशी उभं राहून 'मी निघालो' म्हणायचं नाही. खाली बसा आणि तिची नाडी बांधून द्या.