तासगावजवळ परसात गावठी कोंबड्या आहेत. घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात. काय करावं?

खरा धोका पहिले सात-आठ आठवडे. तोवर पिल्लं कोंबडीसकट डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या जागेतच ठेवा. मोठ्या कोंबडीला घार सहसा उचलत नाही.

कायमचा उपाय म्हणजे वरून जाळी. तुमच्या भागात द्राक्षबागेवर टाकतात ती पक्ष्यांची जाळी चालते, पण जाड धाग्याची, गडद रंगाची आणि दोन इंचांपेक्षा लहान घराची घ्या. बारीक पारदर्शक धागा पक्ष्याला दिसत नाही, तो अडकून मरतो. सात फूट उंचीवर, दर आठ-दहा फुटांवर तार ओढून जाळी ताणून बांधा. इथंच बहुतेकांचं चुकतं: जाळी सैल राहते, पालापाचोळा साचून झोळ पडतो. शिक्रा कडेनंही घुसतो, म्हणून बाजूही बंद हव्यात.

चमकत्या सीडींना पक्षी काही दिवसांत सरावतात. मासळी-मटणाचं उरलंसुरलं उघड्यावर टाकू नका, घारी त्यावरच येतात.

गलोल, विष अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं या पक्ष्यांना संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर तेच खातात.