कोअरसाठी देश सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अरबी समुद्राच्या गाळातल्या फोरामिनिफेरावर (शंख असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांवर) पीएचडी झाली आहे, ब्रेमेनमध्ये दोन वर्षांचं पोस्टडॉक मिळतंय, बायको आणि पाच वर्षांची मुलगी सोबत येणार, आणि जावंसं वाटण्याचं मुख्य कारण ‘तिथे कोअर आहेत’, म्हणजे समुद्रतळातून काढलेले गाळाचे लांब दंडगोल. मी याच विषयात जर्मनीत अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून या शेवटच्या कारणापासूनच सुरुवात करतो.

ब्रेमेनच्या भांडारात चार अंश सेल्सियसला जपून ठेवलेले दीडशे किलोमीटरहून जास्त कोअर आहेत, हे खरं. पण ते मुख्यतः अटलांटिक, आर्क्टिक, भूमध्य, काळा समुद्र आणि बाल्टिकचे. आंतरराष्ट्रीय खोदकाम मोहिमांतले हिंदी महासागराचे कोअर जपानमधल्या कोचीला असतात. शिवाय मोहिमेनंतरचा साधारण वर्षभराचा राखीव काळ संपला, की कुठल्याही देशातला संशोधक नीट कारण देऊन नमुने मागवू शकतो. म्हणजे गाळ तुमच्या सध्याच्या टेबलावरही येऊ शकतो. जहाजावर जायला मिळेल या आशेवरही येऊ नका. ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या समुद्रतळ खोदणाऱ्या जहाजाचं काम 2024 मध्ये थांबलं, आणि तेव्हापासून मोहिमांच्या जागा कमी झाल्या आहेत. पुढची काही वर्षं बरंचसं काम जुन्या कोअरवरच होणार.

त्यात वाईट काही नाही. हेज, इम्ब्री आणि शॅकलटन या शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये हिमयुगांची लय पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी जोडून दाखवली, ती दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून. प्रश्न नेमका होता, म्हणून दोन पुरले.

मग यायचं कशासाठी? मास स्पेक्ट्रोमीटर या अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासाठी, आणि ज्यांच्या शेजारी बसून डोळा तयार होतो अशा माणसांसाठी. शंखातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांत (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणात) पाण्याचं तापमान आणि ध्रुवांवर साठलेला बर्फ दोन्ही मिसळलेले असतात. ते वेगळे करायला त्याच नमुन्यातल्या शंखांचं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर मोजावं लागतं. ही दोन्ही मोजमापं एका छताखाली करून देणाऱ्या प्रयोगशाळा थोड्या आहेत. पण प्रयोगशाळा आहे म्हणजे मशीनवर वेळ आहे, असं नाही. माझ्या पहिल्या कराराच्या चोवीस महिन्यांतले पाच मशीन बंद असल्यामुळे गेले. करार वाढला नाही आणि त्या कामाचा पेपर दुसऱ्या नोकरीत, रात्री जागून पूर्ण केला. म्हणून सही करण्याआधी लेखी विचारा: महिन्याला किती नमुने धावतील, मशीन बंद पडलं तर पर्यायी सोय कुठे, आणि पिकिंग, म्हणजे गाळातून शंख वेचणं, कोण करणार?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही ठिकाणी पिकिंग विद्यार्थी-सहायकांकडे देतात आणि पोस्टडॉकच्या हातात थेट आकडे येतात. तसं असेल तर नकार द्यायचा विचार करा. 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलेला, वाळवलेला गाळ ट्रेमध्ये पसरून, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलताना जे कळतं ते आकड्यांच्या तक्त्यात येत नाही. बुलॉइड्स या फोरामिनिफेराच्या प्रजातीच्या फुगीर चार कप्प्यांमधलं ते मोठं कमानदार तोंड तुम्ही हजारो वेळा पाहिलं असेल. पण काचेसारखा नितळ असायला हवा तो शंख साखरेसारखा पांढुरका दिसू लागला, की समजायचं, इथे खनिज पुन्हा घडलंय आणि हा शंख आता जुन्या समुद्राबद्दल नीट सांगणार नाही. हे ओळखायला मला तीन वर्षं लागली, आणि आजही मला काम मिळतं ते त्या नजरेमुळे.

आता घरचं. पीएचडीनंतर जर्मन विद्यापीठात मुदतीच्या करारांवर साधारण सहा वर्षंच ठेवता येतं. मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात, आणि प्रकल्पाच्या निधीवरच्या करारांचा नियम वेगळा आहे. कायमच्या जागा फार कमी. त्यामुळे दोन वर्षं हा मुक्काम धरून या, घर बसवायचा बेत करून नव्हे. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं. शाळा, डॉक्टर, सरकारी कचेरी जर्मनमध्ये, आणि त्याचा भार तुमच्यापेक्षा बायकोवर जास्त पडेल. आमच्याकडे तो पडला. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकापाशी, आणि ती एकटी एकेक अर्ज भरत बसलेली. तिचा भाषेचा वर्ग निघण्यापूर्वीच सुरू करा, आणि तिच्या स्वतःच्या कामाचं काय, हे आधी दोघं बसून बोला.

उत्तरं समाधानकारक आली तर जरूर या. विषय मोलाचा आहे. मान्सून पूर्वी कसा वागला हे समजून घ्यायला अरबी समुद्रातला बुलॉइड्स मोठा आधार आहे, कारण नैऋत्य वारे जोरात असले की खालचं थंड पाणी वर येतं आणि हा जीव वाढतो. इथे तो ओळखणारे आहेत, पण तुमच्याइतका रोज पाहिलेला माणूस क्वचितच. येताना तुमच्या संस्थेची परवानगी घेऊन ओळख पटवलेल्या प्रजातींच्या स्लाइड्स आणा, आणि त्या सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. माझ्या टेबलाशेजारी दुसरा सूक्ष्मदर्शक रिकामा असतो. पहिल्या आठवड्यात या, दोघं मिळून पाहू.