लिस्बनला सासूबाईंना घेऊन चार दिवस: काय पाहावं, मजा कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरात चार दिवस लिस्बन, तुम्ही दोघं आणि सत्तरीच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, अंडं चालतं पण मासे-मटण नाही. त्यात लिस्बन म्हणजे नुसते चढ-उतार असं सगळे सांगतात, तर जावं की बेत बदलावा?

जा, बिनधास्त जा. कामानिमित्त मी तिथे दीड वर्ष होतो. त्यात माझी आई तीन आठवडे येऊन गेली, तीही डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून. तिच्या अनुभवातून सांगतो, चढाची भीती बाळगू नका, उताराची बाळगा. चढताना फक्त दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो. शिवाय तिथले फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या लहान-लहान चौकोनी दगडांचे. वर्षानुवर्षं पाय घासून ते गुळगुळीत झालेत आणि ऑक्टोबरात एक सर आली की शेवाळलेल्या घाटासारखे होतात. रबरी तळव्याचे बूट घाला, सँडल नको. आमचा नियम ठरून गेला होता: चढ लिफ्टने, उतार ट्रामने, पायी चालणं सपाटीवर.

लिफ्ट म्हणजे सांता जुस्ताची ती प्रसिद्ध लोखंडी नव्हे. ती १९०२ ची आहे, सुंदर आहे, पण रांगेत तासभर उभं राहून गुडघ्याचं काय होणार? खालून फोटो काढा आणि पुढे चला. खरी सोय कोणी सांगत नाही. बायशा या शहराच्या मध्यातल्या सखल भागात रुआ दुश फांकैरुश नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका साध्या इमारतीच्या दारातून आत गेलं की महापालिकेची फुकट लिफ्ट आहे. वर बाहेर पडायचं, छोटा चौक ओलांडायचा, समोरच्या सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट. तिच्यातून निघालात की टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याच्या अगदी अंगाखाली. आईला वाटलं मी चुकून कुणाच्या तरी घरात घुसलोय. तसंच शियादूला, म्हणजे वरच्या अंगाच्या दुकानांच्या भागात, जायचं असेल तर बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालच्या बाजूने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वर निघा. गाडी पकडायची गरजच नाही.

बायशा भागाचे रस्ते सरळ रेषेत आखल्यासारखे का, हे सासूबाई विचारतील. १ नोव्हेंबर १७५५ ला, सगळे संतांच्या सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि पुढे कित्येक दिवस आग. जुनं शहर गेलं. मग मार्केस द पोंबाल या मंत्र्याने हा भाग पट्टी लावून आखल्यासारखा बांधून घेतला. वर कार्मूच्या मठाचं छत तेव्हा पडलं ते पडलंच. नुसत्या कमानी उभ्या आहेत आणि त्यांतून आभाळ दिसतं. एकच जुनी वास्तू आतून पाहायची तर मी किल्ल्याऐवजी ही पाहीन.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल सगळे सांगतील. मजा आहे, पण मार्तिं मुनीशहून बसलात तर दादर स्टेशन बरं अशी गर्दी, आणि खिसेकापू. उलट्या टोकाला, काम्पु द ओरीकला जाऊन सकाळी नऊच्या आत बसा, खिडकी मिळते. नाहीतर १२ नंबर घ्या, तीही आल्फामा या जुन्या वस्तीच्या बोळांतून जाते. काही ठिकाणी बोळ इतका अरुंद की लोक भिंतीला पाठ लावून ट्रामला वाट देतात. तिकिटाचं म्हणाल तर अर्ध्या युरोचं नावेगांत कार्ड माणशी एक घ्या आणि त्यावर २४ तासांचा पास भरा. ट्राम, बस, मेट्रो सगळं त्यात.

एक अख्खी सकाळ नदीकाठच्या बेलें भागाला द्या, पण सोमवारी नको, जेरोनिमुश मठ बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये शिरलं की डाव्या हाताला वास्को द गामाची समाधी. दगडात कोरलेला, हात जोडून आडवा पडलेला. तो १५२४ मध्ये कोचीत वारला आणि आधी तिथेच पुरला होता, अवशेष नंतर इकडे आणले. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हा असा हात जोडून निजलाय, पण याच्या मागून आलेल्यांनी आपल्याकडे काय काय केलं." मग थोडं थांबून, "बटाटा मात्र दिला." तिथून पाच मिनिटांवर १८३७ पासून चालू असलेलं पाश्तैश द बेलेंचं दुकान. बाहेर पार्सलची रांग दिसेल, ती सोडून सरळ आत जाऊन बसा, आत निळ्या टाइलांच्या खोल्याच खोल्या आहेत. गरम टार्ट, वर दालचिनी भुरभुरायची. अंड्याचा बलक असतो, तुम्हाला चालेल. माणशी एक मागवू नका, दोन मागवा.

आता मला सगळ्यात आवडलेली मजा. सासूबाईंना दुकानांच्या पाट्या वाचायला लावा. आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याकडे पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं असायचं: बाताता, कोव्ह, अनानाश, काजू. म्हणजे बटाटा, कोबी, अननस, काजू. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवर 'शाव', म्हणजे आपली चावी. चपलांच्या दुकानावर 'सापातारिया', आणि आमची आजी सपाता घालायची. घमेलं, बादली, बिजागरी, लिलाव, नाताळ, सगळं पोर्तुगीजमधूनच आलेलं. आई बेकरीत बोट दाखवून सरळ 'पाव' म्हणायची आणि तिला पाव मिळायचा. पार्किंगच्या मशीनवर 'पगार' पाहून मात्र ती हसत सुटली. तिथे पगार म्हणजे पैसे भरणं. "म्हणजे देणाऱ्याचा शब्द आपण घेणाऱ्याला लावला," हे तिचं भाष्य. दुसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन फिरत होती.

खाण्याचं. टेबलावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह येतात, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत करा, कोणी रागावत नाही. मला पहिल्याच आठवड्यात बायशातल्या एका हॉटेलात हे ठाऊक नव्हतं. तिघांच्या बिलात नऊ युरो नुसते पाव-ऑलिव्हचे होते. 'सें कार्न' म्हणजे मांसाशिवाय, पण एवढं सांगून मासा येऊ शकतो, म्हणून 'सें पैश' हेही जोडा. काल्दु व्हेर्द हे हिरव्या भाजीचं सूप छान, पण वर सॉसेजच्या चकत्या टाकतात, आधीच नको म्हणा. घरच्यासारखं जेवायची हुक्की आली तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती मंडळींनी उभारलेलं, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. कॅफेत काचेमागे त्रिकोणी 'शामुसा' दिसेल, तो आपला सामोसाच, पण आत बहुधा खिमा असतो, विचारूनच घ्या.

फादू, म्हणजे तिथलं पारंपरिक हुरहुर लावणारं गाणं, एक रात्र ऐकाच. जेवणासकट महागडा कार्यक्रम नको, आल्फामातली लहान जागा बघा. दिवे मंद होतात, वेटर जागच्या जागी थांबतो, काटा-चमचाही वाजवायचा नाही. शब्द कळले नाहीत तरी आई डोळे पुसत होती. रात्री उशीर होतो, येताना टॅक्सी करा.

सिंत्रा या राजवाड्यांच्या डोंगराळ गावी सगळे जातात, ट्रेनने चाळीस मिनिटं. पण पेना राजवाड्याला वेळेचं तिकीट, बसची रांग, वर पुन्हा चढ. चार दिवसांत आणि या गुडघ्यांना मी ते गाळेन. त्याऐवजी संध्याकाळी काइश दु सुद्रे धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिलयाशची फेरी बोट घ्या. जेमतेम दहा मिनिटं. पलीकडे उतरून कॉफी घ्या आणि मावळतीच्या बोटीने परत या. उजेड घरांच्या भिंतींवरून हळूहळू वर सरकत जातो आणि डावीकडे १९६६ चा तो तांबडा पूल. आई ही फेरी तीन वेळा करून आली, त्यातली एकदा मला न सांगता.

बायशात कोणी जवळ येऊन कानात 'हशीश' पुटपुटला तर मान हलवून पुढे चालू लागा. बहुतेकदा तमालपत्राचा चुरा असतो.

आणि खरेदी: शनिवार असेल तर फैरा द लाद्रा, म्हणजे शब्दशः चोरबाजार. जुन्या टाइला मात्र घेऊ नका, त्यातल्या कित्येक कुणाच्या तरी भिंतीवरून उपटलेल्या असतात. घ्यायचंच तर बुचाचं काहीतरी घ्या, जगातलं निम्मं बूच पोर्तुगालचं. आईने घेतलेली बुचाची पर्स चार वर्षं झाली तरी धड आहे. तिच्यात हल्ली गुडघ्याच्या गोळ्या असतात.