आर्देनमध्ये जर्मनांना जिंकता यावं का?

प्रश्न : आमच्या गटाने डिसेंबर १९४४च्या आर्देन लढाईवर (बेल्जियम-लक्झेंबर्गच्या जंगली टापूतला जर्मनांचा हल्ला) पटावरचा खेळ रचला आहे. एक खेळी म्हणजे एक दिवस. दहा डावांत जर्मन बाजू सात वेळा हरली. जर्मन तुकड्यांची ताकद वाढवली की चुरस येते, पण इतिहास बिघडतो. काय करावं?

उत्तर : तुकड्यांची ताकद आहे तशीच ठेवा, बदलायची ती जिंकण्याची अट. जर्मनांना अँटवर्प हे बेल्जियमचं बंदर गाठायचं होतं. प्रत्यक्षात त्यांना म्यूज नदीही ओलांडता आली नाही. खेळातही अँटवर्पच मागितलं, तर त्या बाजूला बसणाऱ्याचा डाव सुरू होण्याआधीच संपलेला असतो. त्याने खऱ्या सेनापतींपेक्षा सरस कामगिरी केली का, हे मोजा. वाटेतलं सेंट व्हिथ हे गाव २१ डिसेंबरला पडलं. त्याआधी घेतलं तर दर दिवसामागे २ गुण. बास्तोन्य हे दुसरं गाव जर्मनांना मिळालंच नाही आणि २६ तारखेला त्याचा वेढा फुटला. ते त्याआधी घेतलं तर ८ गुण. रसदीचा रस्ता शाबूत ठेवून रणगाड्यांची तुकडी म्यूजपार नेली तर १५. एकूण १० गुणांना जर्मन विजय. रसदीची अट गाळू नका. ती नसली की शेवटच्या खेळीला एखादी एकटी तुकडी नदीपार घुसते आणि सगळ्या डावाचा निकाल फिरवते.

गुणांचे हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. ते नेमके बसवायला बोली लावा. 'जर्मन बाजू घ्यायला मला किती जादा गुण हवेत' हे दोघांनी चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं. ज्याचा आकडा कमी, त्याला तेवढ्या गुणांसह जर्मन बाजू. शून्याखालचा आकडाही चालेल. बोली वारंवार ३-४च्या आसपास येऊ लागली, तर विजयाची रेषा तेवढी खाली आणा.

मात्र सातास तीन या निकालावर एवढ्यात विसंबू नका. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असल्या, तरी दहा डावांत कुठल्या तरी एका बाजूने सात किंवा अधिक जिंकण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. आणखी डाव खेळा, आणि प्रत्येक जोडीने बाजू बदलून.

प्रश्न : त्याच लढाईत इंधनटंचाईसाठी आम्ही दर खेळीला प्रत्येक रणगाडा तुकडीसाठी फासा टाकतो. खेळाडू वैतागतात. फासा काढून टाकावा?

उत्तर : हो, इथून काढाच. टंचाई खरी होती, पण सेनापतीपुढचा प्रश्न 'आहे ते इंधन कुणाला द्यायचं' हा होता. दर खेळीला ठरावीक साठा द्या. आठ तुकड्या असतील तर पाचांपुरता. इंधन न मिळालेली तुकडी पूर्ण ताकदीने बचाव करेल, पण हलणार नाही, हल्लाही करणार नाही. न वापरलेल्या साठ्यापैकी फार तर एका तुकडीपुरता पुढे न्यायची मुभा असावी. अमर्याद साठवू दिलं की सगळे इंधन दाबून ठेवतात आणि एकाच खेळीत अशक्य मुसंडी मारतात.

प्रश्न : मे १९४०च्या फ्रान्सच्या मोहिमेत दोस्त बाजू पहिल्याच खेळीत सेदांला (म्यूजकाठचं फ्रेंच शहर, आर्देनमधून येऊन जर्मनांनी प्रत्यक्षात इथेच फळी फोडली) पहारा बसवते, कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना बेल्जियममध्ये जायची सक्ती करावी का?

उत्तर : सक्तीने इतिहास साधतो, पण दोस्तांचा खेळाडू नुसता प्रेक्षक होतो. त्यापेक्षा जर्मन खेळाडूला मुख्य हल्ला मध्य बेल्जियममधून करायचा की आर्देनमधून, हे गुपचूप निवडू द्या. जर्मनांची मूळ योजनाही मध्य बेल्जियममधूनच होती. आर्देनचा निर्णय १९४०च्या फेब्रुवारीतला. तुकड्यांसाठी उभे लाकडी ठोकळे वापरा, म्हणजे ताकद फक्त मालकाला दिसेल.

पण आर्देनचा मार्ग नेहमीच फायद्याचा ठरत असेल, तर ही गुप्तता कुचकामी. एका रस्त्यावर एका खेळीत एकच तुकडी पुढे सरकेल, असा नियम ठेवा. तिथली कोंडी खरोखरच भयंकर होती. दोस्तांकडे मोठा निर्णय सोपवा : फ्रेंचांचं सातवं सैन्य राखीव ठेवायचं, की प्रत्यक्षात झालं तसं हॉलंडकडे धाडायचं? ते राखीव राहिलं तर म्यूज ओलांडणं अवघड होईल. पण हॉलंड रिकामा सोडल्याबद्दल जर्मनांना तिथे गुण मिळू द्या, नाहीतर दर डावाला ते राखीवच राहील.