गोव्याचं पेट्रोल कोणाला परवडतं?

प्रश्न : आम्ही सावंतवाडी तालुक्यात राहतो. शेजारीपाजारी टाकी भरायला गोव्यात जातात. आम्हांला तिथला पंप २० किलोमीटरवर पडतो. पैसे खरंच वाचतात का? टीव्हीही म्हापशातूनच घ्यावा का?

उत्तर : पेट्रोल जीएसटीबाहेर आहे. त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं, म्हणून हद्द ओलांडली की दर बदलतो. २०१२ मध्ये गोव्याने हा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी उतरलं होतं. पुढे व्हॅट पुन्हा वाढत गेला.

हिशेब असा करा : गाडीचं ॲव्हरेज गुणिले भरायचे लिटर गुणिले दरातला फरक, भागिले एका लिटरचा दर. उत्तर येईल तेवढे किलोमीटर, जाऊन-येऊन धरून, परवडतात. फरक ८ रुपये आणि दर १०० रुपये धरू. १५ चं ॲव्हरेज देणाऱ्या कारमध्ये ३० लिटर भरलं तर ३६ किलोमीटर येतात. तुमची फेरी ४० ची. म्हणजे २४० रुपये वाचवायला २६७ रुपयांचं पेट्रोल जाळलंत! ४५ च्या ॲव्हरेजची स्कूटर ४ लिटर घेत असेल, तर जेमतेम १४ किलोमीटर. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो टाकीपाशी. अख्खी टाकी मोजतात, आत आधीच असलेलं पेट्रोल विसरतात. काटा खाली टेकलेला असेल तरच ३० लिटर बसतं.

बांबोळीच्या रुग्णालयात किंवा मोपा विमानतळावर जायचंच असेल, तर मात्र परतताना टाकी जरूर फुल करा. ते २४० रुपये पुरते तुमचे. कॅन भरून मात्र कधीही आणू नका. बंद गाडीत वाफ साठते, मग एक ठिणगी पुरते.

टीव्हीचं तसं नाही. जीएसटी देशभर एकच. ४३ इंची टीव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के लागतो : ३०,००० च्या मूळ किमतीवर ८,४०० ऐवजी ५,४००. हे ३,००० रुपये सावंतवाडीतही तेवढेच वाचतात. म्हापशात स्वस्त मिळाला तर ती दुकानदाराची सूट. त्यातून टेम्पोचं भाडं वजा करून बघा. ‘बिलाशिवाय कमी करतो’ म्हणाला तर घेऊ नका, बिल नसेल तर वॉरंटीसाठी दाखवणार काय?