‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे की उसने देणे?

‘बॉरो’ म्हणजे परत करण्याच्या बोलीवर दुसऱ्याकडून काही घेणे. देणाऱ्याच्या क्रियेला ‘लेंड’ म्हणतात. मराठीत ‘उसने’ हा शब्द कायम राहून केवळ घेणे-देणे बदलते, इंग्रजीत मात्र क्रियापदच बदलते. त्यामुळे साताऱ्यात इंग्रजी शिकवताना मला ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन?’ असे वाक्य सर्रास ऐकू येते (हेतू कळतो, हा भाग निराळा). तेथे ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ असे हवे. कर्जालाही हीच जोडी लागू पडते: शेतकरी सोसायटीकडून ‘बॉरो’ करतो, सोसायटी त्याला ‘लेंड’ करते. भाड्याने घेतलेल्या खोलीसाठी मात्र ‘बॉरो’ चालत नाही, तेथे ‘रेंट’ वापरावे.